गड चढताना दम का लागतो? दमसास वाढवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा-तेरा वर्षं मी पुण्यातून नवख्या लोकांना शनिवार-रविवारी गडांवर घेऊन जाते. ट्रेकच्या आधीच्या आठवड्यात येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात, आणि फोनवर घाईघाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं. म्हणून सगळे एकत्र लिहून काढले. मी डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरांना विचारायलाच हवं, तिथे तसं लिहिलं आहे.

१. दमसास म्हणजे नेमकं काय? अंगात ताकद असली की दमसास असतोच ना?

असतोच असं नाही. पन्नास किलोचं पोतं एकदा उचलून खांद्यावर टाकणं ही ताकद. आठ किलोची सॅक पाठीवर घेऊन दोन तास चढत राहणं हा दमसास. यात तीन कामं एकाच वेळी चालू असतात. फुप्फुसं प्राणवायू रक्तात सोडतात, हृदय ते रक्त पायांपर्यंत ढकलतं आणि मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू तो प्राणवायू वापरून काम करतात. धाप लागली की आपल्याला वाटतं छातीच कमकुवत आहे. पण निरोगी माणसाची फुप्फुसं सहसा कमी पडत नाहीत. कमी पडतं ते हृदय दर ठोक्याला किती रक्त पुढे पाठवतं ते, आणि स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता. या दोन्ही गोष्टी सरावाने वाढतात, अगदी साठीतसुद्धा.

२. मी अगदी शून्यापासून सुरुवात करतेय. पहिल्या महिन्यात काय करू?

चाला. पळू नका, पळण्याची घाई तर अजिबात नको. पहिल्या आठवड्यात पाच दिवस, रोज २० ते २५ मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात ३० मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात त्यातल्या दोन दिवशी वाटेत एखादा चढ घ्या: टेकडी, उड्डाणपूल, जिना, जे जवळ असेल ते. चौथ्या आठवड्यात रविवारी एकदा सलग सव्वा तास चाला.

याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस दहा-पंधरा मिनिटं पायांचे व्यायाम हवेत. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, आणि एका पायावर तोल सांभाळत पायरीवरून दुसरा पाय सावकाश खाली टेकवणं. हा तिसरा व्यायाम सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण प्रश्न १० मध्ये आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम. वरच्या पद्धतीने चाललात तर महिन्याभरात तुम्ही त्या १५० मिनिटांपर्यंत पोचता.

३. किती वेगाने चालायचं? घड्याळात ठोके बघत बसू का?

बोलून बघा. चालताना शेजारच्याशी सलग दोन-तीन वाक्यं बोलता आली, तर वेग बरोबर आहे. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. एकेक शब्द तोडून बोलावा लागत असेल तर कमी करा. सरावाचा बहुतेक वेळ याच गप्पांच्या वेगात जायला हवा, कारण दमसासाचा पाया इथे बांधला जातो.

ठोके मोजायचे असतील तर २२० मधून वय वजा करण्याचा जो हिशेब सांगतात तो ढोबळ आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यापेक्षा सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजून वहीत लिहा. दोन-तीन महिन्यांत तो आकडा हळूहळू खाली येताना दिसला की हृदय दर ठोक्याला जास्त रक्त पाठवायला लागलंय, असं समजा. (रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी प्रश्न १५ वाचा.)

हे मी तोरण्यावर शिकले. वय एकतीस, वेल्ह्यातून निघालो, पुढे कॉलेजची मुलं. त्यांच्या पावलाला पाऊल लावून चढले आणि निम्म्या वाटेत मळमळून खाली बसले. तिथूनच परत फिरले. सहा महिन्यांनी त्याच वाटेने मैत्रिणीशी बोलत बोलत गेले आणि झुंजार माचीवर उभी राहिले. मधल्या काळात माझ्यात फार काही बदललं नव्हतं, वेग मात्र बदलला होता.

४. ट्रेक तीन आठवड्यांवर आलाय. एवढ्यात फरक पडेल का?

थोडा पडेल. नियमित व्यायामाच्या पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, हृदयाला काम सोपं जातं आणि तोच जिना जरा हलका वाटायला लागतो. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढणं, पेशींची प्राणवायू वापरण्याची यंत्रणा वाढणं याला दीड-दोन महिने लागतात. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि सांधे सगळ्यात मागे असतात, त्यांना कित्येक महिने लागतात. म्हणूनच उत्साहात महिन्याभरात दमसास वाढतो आणि दुसऱ्या महिन्यात टाच किंवा गुडघा धरतो.

तीन आठवडेच हातात असतील तर पहिले दोन नेटाने सराव करा आणि शेवटच्या आठवड्यात निम्मं करा. आदल्या दिवशी ‘शेवटचा सराव’ म्हणून टेकडीच्या चार फेऱ्या मारून आलेली माणसं मी दरवर्षी बघते. दुसऱ्या दिवशी त्यांचे पाय निघतानाच दमलेले असतात.

आणि उलटंही खरं आहे. दोन-तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं की कमावलेलं ओसरायला लागतं. दिवाळीच्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा जरी चाललात तरी बरंचसं टिकतं.

५. आमच्याकडे डोंगर नाही. जिन्याने काम भागेल का?

उत्तम भागेल. साधा हिशेब करू. आतकरवाडीतून सिंहगडाची चढाई उभ्या उंचीत सहाशे मीटरच्या आसपास आहे. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे तळापासून पाचव्या मजल्यापर्यंत १५ मीटर. अशा ४० फेऱ्या म्हणजे एक सिंहगड. पहिल्या दिवशी चार-पाच फेऱ्या करा आणि दर आठवड्याला दोन वाढवा. दोन-अडीच महिन्यांत वीस फेऱ्या सलग जमल्या की सिंहगडासाठी तुम्ही तयार आहात. उरलेलं गडाचा वारा आणि सोबत करून घेते.

पुण्यात असाल तर पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे. साताऱ्यात अजिंक्यतारा तर घराच्या दारातच. मुंबईकरांनी कान्हेरीचा चढ घ्यावा.

फेरी करताना जिना उतरायचाही आहे. लिफ्टने खाली येऊ नका. अपवाद फक्त गुडघा आधीच दुखत असणाऱ्यांचा: त्यांनी पहिले काही आठवडे लिफ्टने उतरावं.

६. रोज दहा हजार पावलं चालते. तेवढं पुरे नाही का?

तब्येतीसाठी छान आहे, गडासाठी अपुरं. दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमाराला जपानात विकल्या गेलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला. तो काही वैद्यकीय नियम नव्हता. सपाट रस्त्यावरच्या दहा हजार पावलांत आपलं वजन वर उचलावं लागत नाही, आणि चढात नेमकं तेच करायचं असतं. यातली दोन हजार पावलं जिन्यावर घाला, मग बघा.

७. रोज जिमला जातो, वजनं उचलतो, तरी सिंहगडावर पंधरा मिनिटांत धापा टाकायला लागलो. असं का?

शरीर ज्या कामाचा सराव करतं त्या कामात तयार होतं. दहा-बारा वेळा वजन उचलायचं, मग दोन मिनिटं बसायचं, हा तुमचा सराव. गडावर ती दोन मिनिटं मिळत नाहीत. शिवाय कमावलेलं अंगही वजनच आहे आणि ते वर न्यायचंच असतं. जिम सोडू नका, पायांची ताकद उतरणीला उपयोगी पडते. फक्त आठवड्यातले दोन दिवस ट्रेडमिलला दहा-बारा टक्के चढ देऊन, कठडा न धरता, गप्पांच्या वेगात ४० मिनिटं चाला. कठडा धरला की निम्मा चढ हातांवर जातो आणि सराव फसवा होतो.

८. जोर-बैठका, सूर्यनमस्कार, प्राणायाम यांनी दमसास वाढतो का?

प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

बैठका: हो, आणि आपण त्या विसरत चाललोय याचं मला वाईट वाटतं. तालमीतले पैलवान शेकड्यांनी बैठका मारतात, त्यामागे मांडीला दीर्घकाळ काम करण्याची सवय लावणं हाच विचार आहे. नवख्याने दहा-दहाच्या तीन खेपांपासून सुरुवात करावी. गुडघा दुखत असेल तर पूर्ण खाली न जाता अर्ध्यावर थांबावं.

सूर्यनमस्कार: औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांपर्यंत नेलेला हा व्यायाम सलग १५-२० मिनिटं केला तर नाडी चांगली वाढते. खांदे, पाठ आणि कंबर लवचिक राहतात, त्यामुळे सॅक घेऊन चालणं सुसह्य होतं. पण यात पायऱ्या नाहीत आणि उतरणही नाही. चालण्याला जोड म्हणून करा, चालण्याच्या ऐवजी नको.

प्राणायाम: मन शांत होतं, श्वासावर ताबा येतो, घाबरून धाप वाढण्याचं प्रमाण कमी होतं. कातळातल्या अरुंद पायऱ्यांवर मला स्वतःला त्याचा फार उपयोग झाला आहे. मात्र हृदय आणि पायांचे स्नायू बसल्या जागी तयार होत नाहीत (प्रश्न १).

९. पहिल्याच चढाला छाती फुटेल असं वाटतं, अर्ध्या तासाने मात्र ठीक होतं. हे काय असतं?

पायांनी काम सुरू केल्याक्षणी प्राणवायूची मागणी वाढते, पण पुरवठा त्या पातळीवर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. मधली तूट शरीर प्राणवायूशिवायच्या मार्गाने भरून काढतं. तुम्ही जितक्या जोरात सुरुवात कराल तितकी ही तूट मोठी. गाडीत दोन तास आखडून बसायचं, उतरलं की ‘चला चला’ करत थेट चढाला भिडायचं, ही आपल्याकडची सर्वांत वाईट सवय आहे.

गावातून निघताना दहा मिनिटं मुद्दाम रेंगाळत चाला. पहिला चढ तर इतका सावकाश घ्या की मागच्यांनी कुरकुर करावी. थांबायचं झालं तर उभ्याउभ्या, काठीवर रेलून अर्धा-एक मिनिट. दर वळणावर पंधरा मिनिटं फतकल मारून बसलात तर अंग गार पडतं आणि पुढचा चढ पुन्हा पहिला चढ होतो.

श्वास नाकानेच घ्यायचा का, हेही याच वेळी विचारतात. नाकाने जमतंय तोवर वेग बरोबर आहे असं समजा. उभ्या चढाला तोंड उघडावं लागलं तर उघडा, त्यात काही चूक नाही. पावलांशी लय जुळवली की बरं पडतं: दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर.

१०. चढताना काही झालं नाही, पण नंतर दोन दिवस घरातला जिना उतरता येत नव्हता. माझा दमसास कमी आहे का?

दमसास नव्हे, उतरणीची सवय कमी आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकसारखा आवळून धरतो. या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी कळसाला पोचतं. धाप लागत नसल्यामुळे उतरताना आपण बेफिकीर असतो, पण बहुतेक पाय उतरतानाच मुरगळतात. त्यातही मुरमाड घसाऱ्यावर, दुपारी, गाडी गाठण्याच्या घाईत.

चांगली गोष्ट अशी की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढ्याच उतरणीला फारसे दुखत नाहीत. म्हणून मोठ्या ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी एक छोटी टेकडी चढून-उतरून या. कळसूबाईला पायथ्याच्या बारी गावातून जायचं असेल तर हे कराच. साडेआठशे-नऊशे मीटर चढल्यावर तेवढंच उतरायचं असतं, लोखंडी शिड्यांसकट.

उतरताना पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, टाच आपटू नका. दोन काठ्या घेतल्यात तर गुडघ्यावरचा भार खरोखर कमी होतो. पन्नाशीच्या पुढच्यांनी आणि वजन जास्त असणाऱ्यांनी काठ्यांची लाज वाटून घेऊ नये. दुखणं स्नायूत असेल तर हलकं चालल्याने मोकळं होतं. गुडघ्याच्या सांध्यातच कळ येत असेल, सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

११. पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ कमी पडतं की पाणी?

बऱ्याचदा दोन्ही नाही. सवयीपेक्षा जास्त काम पडलेला, थकलेला स्नायू आखडतो. थांबा, पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढून धरा, गोळा सुटल्यावर वेग कमी करून चाला. वरचेवर येत असतील तर सराव अपुरा आहे.

घाम खूप गेला असेल तर मात्र पाण्याबरोबर मीठही हवंच. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जलसंजीवनीचं पाकीट मिळालं तर ते जास्त चांगलं. ताक आणि कोकम सरबत आपल्याकडे पूर्वीपासून यासाठीच आहेत. दुसरं टोकही सांगते: तहान नसताना, कोणी सांगितलं म्हणून तासाला दीड-दोन लिटर नुसतं पाणी ढोसू नका. रक्तातलं सोडियम पातळ होऊन डोकेदुखी, उलटी, भ्रम असा गंभीर प्रकार होऊ शकतो. तहानेप्रमाणे, घोट-घोट प्या.

१२. खायचं काय? प्रोटीन पावडर लागेल का?

रोजचं जेवण नीट असेल तर नाही. बसून काम करणाऱ्या प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. नियमित व्यायाम सुरू केला की १.२ ग्रॅमच्या पुढे गेलेलं बरं. साठ किलोच्या बाईला ७२ ग्रॅम. आपल्या ताटात पोळी-भाताचा भाग मोठा आणि वरण पातळ, त्यामुळे तिथपर्यंत पोचणं आपोआप होत नाही. उसळ वाटीभर घ्या, वरण दाट करा, दही, अंडी (एका अंड्यात सहा ग्रॅम), मासे, मूठभर शेंगदाणे, जे घरात चालतं ते.

ट्रेकच्या सकाळी निघण्याआधी दीड-दोन तास पोहे, उपमा किंवा भाकरी-दही. वाटेत दर पाऊण तासाला थोडं: केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, गूळ. स्नायूंमधला साखरेचा साठा मर्यादित असतो. तो संपत आला की पाय शिशाचे होतात, चिडचिड होते आणि माणूस म्हणतो ‘माझा दम संपला’. खरं तर त्याने चार तासांत काही खाल्लेलं नसतं. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी खा, जरूर खा, मात्र पोट तट्ट भरून लगेच उतरायला लागू नका.

१३. ताई, चार महिने नियमित चालते, तरी दुसऱ्या मजल्यावर धाप लागते. कुठे चुकतंय?

बहुधा तुमचं काही चुकत नाही. हिमोग्लोबिन तपासून घ्या. हा प्रश्न मला बायकांकडूनच सर्वांत जास्त येतो आणि उत्तर पुष्कळदा रक्तात सापडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! प्राणवायू वाहून नेणारी गाडीच कमी पडत असेल तर इंजिन कितीही तयार करा, पाय थकणारच. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, पुरुषासाठी ही रेघ १३ ची. हिमोग्लोबिन ठीक असून लोहाचा साठा कमी असला तरीही थकवा येतो. तो साठा फेरिटिनच्या तपासणीत कळतो.

कमी निघालं तर गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत. आकडा सुधारला म्हणून मध्येच बंद करू नका, साठा भरायला आणखी काही महिने लागतात. जेवणात अळीव, पालेभाज्या, कडधान्यं आणि चालत असेल तर मटण-मासे. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. चहा जेवणाच्या आगेमागे तासभर नको, तो लोह अडवतो. पाळीत रक्तस्राव खूप होत असेल तर ते ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून सोडू नका. मूळ कारण तेच असू शकतं.

थायरॉइडचा त्रास किंवा पुरेशी झोप नसणं हीही अशा थकव्याची कारणं असतात. सात तास झोप मिळत नसेल तर व्यायाम वाढवण्याआधी ती मिळवा.

पाळीच्या दिवसांत ट्रेक केला तर चालेल का? चालेल, तब्येत साथ देत असेल तर. खूप दुखत असेल तर त्या दिवशी राहू द्या.

१४. सिगारेट दिवसाला दोनच ओढतो. त्याने एवढा फरक पडतो?

पडतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि कित्येक तास जागा अडवून बसतो. पायथ्याशी चहाबरोबर ओढलेली सिगारेट तुमच्याबरोबर गडापर्यंत येते. सोडायचीच आहे, पण निदान आदल्या संध्याकाळपासून नको.

१५. वय ५८, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मी गड चढू शकतो का?

अनेकजण चढतात. माझ्याबरोबर सत्तरीचे आजोबा राजगडावर आले आहेत. पण आधी डॉक्टरांना नुसतं ‘फिरायला जातोय’ असं सांगू नका, ‘चार तास चढ-उतार आहे, दवाखाना जवळ नाही’ असं स्पष्ट सांगा. ते म्हणतील त्या तपासण्या करून घ्या.

तीन गोष्टी माहीत असू द्या. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी असेल तर ती नाडी वाढूच देत नाही, त्यामुळे घड्याळातले ठोके बघून वेग ठरवू नका. बोलून बघण्याची रीतच वापरा (प्रश्न ३). लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात पाणी लवकर कमी होतं. मधुमेहात इन्सुलिन किंवा काही गोळ्यांवर असताना मोठ्या चढाईत साखर एकदम उतरू शकते, कधी रात्री घरी आल्यावरसुद्धा. थरथर, गार घाम, गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच ग्लुकोज किंवा साखर घ्या. खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको. आणि बरोबरच्या एकाला तरी हे आधीच सांगून ठेवा. त्या दिवशीचा डोस बदलायचा का, हे डॉक्टरच सांगतील. स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नका.

१६. मला दमा आहे. व्यायामाने वाढेल का?

दमा आटोक्यात असेल तर नियमित चालण्याने बहुतेकांना फायदाच होतो. गार, कोरड्या हवेत किंवा धुळीत श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून थंडीच्या पहाटे नाका-तोंडावर रुमाल बांधा आणि सुरुवात जास्तच सावकाश करा (प्रश्न ९). चढाईआधी पंप घ्यायचा का, किती वेळ आधी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पंप घरी विसरला असेल तर पायथ्याशीच थांबा. यात मी कोणाचंही ऐकत नाही.

१७. डेंगी होऊन तीन आठवडे झाले. सराव परत कधी सुरू करू?

ताप असताना कोणताही व्यायाम नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज आलेली असू शकते, अशा वेळी जोर करणं जिवावर बेतू शकतं. डेंगीत प्लेटलेट पूर्ववत होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच चालायला लागा. पूर्वीच्या निम्म्या वेळापासून सुरुवात करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं ते बघा. जास्त गळून गेल्यासारखं वाटलं तर एक पायरी मागे या. छातीत धडधड, दुखणं किंवा चक्कर असेल तर परत डॉक्टरांकडे जा. साध्या सर्दीत, ताप नसेल तर हलकं चालायला हरकत नाही.

१८. डिसेंबरमध्ये सहज चढलेला गड एप्रिलमध्ये झेपला नाही. दमसास गेला का?

गेला नाही, वाटून घेतला गेला. उन्हात हृदयाला पायांबरोबर त्वचेलाही जास्त रक्त पाठवावं लागतं, अंग गार ठेवण्यासाठी. त्याच चढाला नाडी जास्त वाढते. उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला ती होतच नाही. मार्च ते मे मध्ये पहाटे निघून नऊच्या आत माथा गाठा किंवा ट्रेक पुढे ढकला. पाणी माणशी किमान तीन-चार लिटर. गडावरची टाकी तेव्हा बहुतेक कोरडी असतात.

कोणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

१९. कळसूबाईवर ऑक्सिजन कमी असतो म्हणून दम लागतो ना? आणि सह्याद्रीत तयार झालेला माणूस हिमालयात टिकेल का?

कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८२ टक्क्यांच्या आसपास असतो. निरोगी माणसाला याचा त्रास जाणवावा इतका हा फरक नाही. विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. कळसूबाईवर दम लागतो तो चढामुळे.

हिमालयात सह्याद्रीचा सराव पायांना उपयोगी पडतो, पण उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट तयारीची माणसं भरभर वर जातात आणि आधी आजारी पडतात. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं, तंबूत झोपून बरं वाटायची वाट बघायची नाही.

२०. नेहमीचा दम आणि धोक्याचा दम यांतला फरक कसा ओळखायचा? अर्ध्यातून परत फिरायला लाज वाटते.

नेहमीचा दम थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत बसतो आणि तुम्ही पुन्हा हसून बोलता. खालचं काहीही असेल तर तो नेहमीचा नाही: छातीत दाब किंवा आवळल्यासारखं, कळ जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात जाणं, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी, थांबूनही न बसणारी धाप, नाडीचे वेडेवाकडे ठोके. बायकांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांत छातीत न दुखता नुसती मळमळ, विलक्षण थकवा किंवा धाप असंही होतं. ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणत पुढे जाऊ नका. बसवा, एकटं सोडू नका, १०८ ला फोन लावा, रेंज नसेल तर दोघांना खाली गावात पाठवा. गावकऱ्यांना वाट आणि झोळीने माणूस उतरवायची पद्धत दोन्ही माहीत असतात.

दुखणं काही नाही, नुसतंच झेपत नाहीये, असं असेल तर वेळेचा हिशेब करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ढोबळ नियम आजच्या मापात असा: दर पाच किलोमीटरला एक तास आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. नवख्यांच्या गटाला मी याच्या दीडपट वेळ धरते. या हिशेबाने अंधाराआधी पायथ्याला परत येणं बसत नसेल तर जिथे असाल तिथून फिरायचं. माझ्या गटात फिरणाऱ्याबरोबर एक अनुभवी माणूस नेहमी खाली येतो आणि त्या दिवशी वर गेलेल्यांनी त्याची चेष्टा करायची नाही, हे निघतानाच गाडीत सांगितलेलं असतं. दोन महिने जिना चढून या. गड तिथेच आहे, मी परत घेऊन जाईन.